भोंग्याआधी दिवा

पूरनियंत्रण कक्षातल्या लोकांनी बाईंचं नाव तोफ ठेवलं होतं, आणि निवृत्त झाल्यावरही बाई ते ऐटीत मिरवत होत्या. सध्या त्यांच्या आठवणींचं पुस्तक चाललं होतं. बाई बोलायच्या, सून टाइप करायची. कक्षातल्या मोडक्या खुर्चीवर दोन पानं झाली, साहेबांच्या खोकल्यावर एक झालं, आणि मग बाई म्हणाल्या, "लिही. पुराच्या दिवशी खालच्या गल्लीतल्या रहिवाशांना नियमानुसार हलवण्यात आलं. पूर्णविराम."

सुनेचे हात थांबले. "एका ओळीत उरकलंत? आई, त्या गल्लीत मी होते!"

ती गल्ली ऐकू न येणाऱ्या माणसांची. ही माणसं शेजारच्या खास शाळेत शिकली आणि गल्लीतच संसार थाटून राहिली. सुनेला ऐकू येतं, पण तिचे वडील, गल्लीतले शिंपी, जन्मापासून बहिरे.

"कामाची कसली फुशारकी मारायची? सरकारने सरकारचं काम केलं."

"बाबा रोज विचारतात, आमचं प्रकरण झालं का म्हणून. त्यांना ही ओळ दाखवू?"

आता आली का पंचाईत! बाई कुठल्या मंत्र्याला घाबरल्या नव्हत्या, पण व्याह्यांची भुवई वर गेली की त्यांची बोलती बंद व्हायची. इतकी वर्षं सांभाळलेलं नातं या एका ओळीपायी नासलं तर?

"बरं बाई, लिही," त्या म्हणाल्या आणि खुर्ची पुढे ओढून बसल्या.

पूर आला की आधी वीज तोडायची आणि मग भोंगा वाजवायचा, असा सगळ्या शहराचा नियम. या गल्लीतल्या लोकांनी कचेरीत येऊन कागदावर लिहून विचारलं होतं, 'भोंगा आमच्या काय कामाचा?' बाईंना ते चांगलंच झोंबलं. त्यांनी वर भांडून तिथल्यापुरता नियम बदलून घेतला. आधी गल्लीतले सगळे दिवे तीनदा मिचकावायचे, माणसं बाहेर काढायची, वीज त्यानंतर. त्याचा सराव दर काही महिन्यांनी व्हायचा आणि कक्षातले लोक नाकं मुरडायचे.

त्या दुपारी नदी फुगली, आभाळ काळंकुट्ट झालं. साहेबांचा फोन आला. "खालचा सगळा भाग बंद करा. आत्ताच्या आत्ता!"

"बाकीचा केला साहेब. गल्लीत अजून माणसं आहेत."

"भोंगा वाजतोय ना?"

"त्यांना तो ऐकू येत नाही. दिवा गेला तर सरकारनं त्यांच्याशी बोलणंच टाकलं!"

"गल्लीतल्या विजेच्या पेटीत पाणी शिरलं तर जबाबदार कोण?"

"मी. कुठे सही करू?"

वायरमन पेटीपाशी छातीठोकपणे उभा राहून वायरलेसवर पाण्याची खबर देत होता. गल्लीतले दिवे तीनदा मिचकावले. शिंपीबुवांनी मशीनवरचा पाय थांबवला, लेकीचा हात धरला, पिशवी उचलली. शेजारीपाजारीही तसेच निघाले. कुठेही पळापळ नाही. सगळी न्यायला आलेल्या बसेसमध्ये चढली आणि एका बसच्या ड्रायव्हरने, काय सांगावं, बॅटरी वाचवायची म्हणून आतले दिवे घालवले! कुणाला कुणाचे हात दिसेनात, मग बोलायचं कशानं? बायका खिडक्या बडवायला लागल्या, दोघं खाली उतरू लागले. वायरमनकडून ते कळताच बाई वायरलेसवर कडाडल्या, "अरे शहाण्या, दिवे लाव! तोंडं बांधलीस त्यांची!" दिवे लागले, तसे सगळ्या बसभर हात बोलायला लागले. शेवटची बस चढावर गेली आणि मगच बाईंनी वीज तोडायला सांगितली. गल्ली छपरापर्यंत बुडाली. माणूस एकही गेला नाही.

सांगता सांगता बाई खुर्चीतून उठून उभ्या राहिल्या. अभिमान वाटत होता, आणि तो लपवायचा आता त्यांना कंटाळा आला होता. "शेवटी लिही," त्या म्हणाल्या, "आम्ही गल्ली वाचवली."

संध्याकाळी व्याही आले, चष्मा लावून सगळं वाचलं. भुवई वर गेली. बाईंनी घाईघाईने चहाचा कप पुढे सरकवला. व्याही सुनेकडे वळून हातांनी बोलू लागले. बोलता बोलता त्यांचे डोळे भरून आले.

"बाबा म्हणतात, फक्कड झालंय. फक्त शेवटची ओळ बदला. 'वाचवली' नको. लिहा, सरकारनं आम्हाला आमच्या भाषेत हाक मारली आणि आम्ही आमच्या पायांनी चालत आलो."

बाईंनी ती ओळ स्वतःच्या हाताने टाइप केली. आता घरी कुणीही आलं, अगदी मीटर वाचणारा आला, तरी ती ओळ वाचून दाखवल्याशिवाय त्याला सोडत नाहीत.