घरून आणि घरीच

खुर्ची तीच होती. टेबलही तेच, खिडकीपाशी ठेवलेलं. लॅपटॉप तेवढा नवा, कारण जुना कंपनीचा होता आणि कंपनीने तो परत घेतला. याच खुर्चीत बसून धाकटी कंपनीचं काम करायची, तेव्हा घर कसं चिडीचूप असायचं! सासूबाई मिक्सर लावण्याआधी दारातून खूण करून विचारायच्या. टीव्हीचा आवाज बंद, पडद्यावर नुसती माणसं हलायची. कुणी आलंगेलं की ओठांवर बोट ठेवून म्हणायच्या, "हळू बोला. ती घरून काम करते."

मग धाकटीने नोकरी सोडली आणि त्याच खुर्चीत बसून स्वतःचं काम सुरू केलं. झालं! "घरून"चं पार "घरीच" होऊन गेलं. मिक्सर न विचारता खुशाल घरघरू लागला. शेजारणीचं पार्सल ठेवून घे, घरीच असतेस ना. मीटर बघायला माणूस येईल, दार उघड, घरीच आहेस. पलीकडच्या गल्लीत राहणाऱ्या नणंदेने तर कमालच केली. पडदेवाला, सुतार, फ्रिज दुरुस्त करणारा, ज्याला म्हणून वेळ द्यायची त्याला ती बिनधास्त वेळ द्यायची आणि किल्ली पाठवायची धाकटीकडे. कुणाची म्हैस आणि कुणाला ऊठबैस!

आता सांगा, यात बदललं काय? बाई तीच, पाठ दुखणारी खुर्ची तीच, आणि काम तर पूर्वीपेक्षा दुप्पट. म्हणजे घरातली ती शांतता धाकटीसाठी कधी नव्हतीच. ती कंपनीसाठी होती. हे लक्षात आलं तेव्हा तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

माहेरी सगळ्यांत लहान म्हणून तिला धाकटी म्हणायचे, ते नाव सासरीही चिकटलं. पण डोकं लहान नव्हतं. एकदा लाँड्रीत तिचा आवडता कोट हरवला. ती भांडायला गेली आणि बघते तर दुकानदाराच्याच डोळ्यांत पाणी. कपड्यांना टाचलेल्या कागदी चिठ्ठ्या वाफेने सुटायच्या, आणि रोज कुणाचं ना कुणाचं काहीतरी गहाळ. तिने कंपनीत साहेबाला सांगितलं, अशा दुकानांसाठी आपण एक साधा प्रोग्रॅम बनवू. साहेब हसला. "किरकोळ लोकांसाठी आपण काही बनवत नाही," म्हणाला. आणि तिला काम काय दिलं? गिऱ्हाइकाला आपली सेवा बंद करायची असेल तर ते बटण त्याला सहजासहजी सापडू नये, असं कुठे दडवता येईल ते शोधायचं. एवढी शिकलेली बाई, आणि काम लपवाछपवीचं! तिने बटण लपवलं नाही, राजीनामा दिला.

"आईला मी सांगतो," नवरा तेव्हा म्हणाला होता. "तू सांगशील तर तिला धक्का बसेल. मी माझ्या पद्धतीने सांगतो." धाकटीला वाटलं, किती समजूतदार माणूस.

तिने प्रोग्रॅम बनवला. कपड्याच्या आतल्या शिवणीला कापडी पट्टी, तिच्यावर एक खूण, आणि ती मोबाईलसमोर धरली की कपडा कुणाचा, कुठल्या दांडीवर टांगायचा ते समोर हजर. गावभर हिंडून तिने तो एका लाँड्रीवाल्या काकूंच्या गळी उतरवला. काकूंची दुकानं बरीच आणि जीभ त्याहून तिखट. त्यांनी एका दुकानात वापरून बघितला आणि तिथे कपडे हरवायचे थांबले. "सगळ्या दुकानांत लावते," काकू फोनवर म्हणाल्या, "पण तुझ्या घरी येऊन बोलेन. माणूस कुठे बसतो, कसा राहतो ते बघितल्याशिवाय मी साबणसुद्धा घेत नाही."

हे पहिलंवहिलं गिऱ्हाईक. ते हातचं गेलं तर नवऱ्याचं "बघ हं, नाहीतर परत नोकरी आहेच" खरं ठरणार होतं. धाकटीने टेबल पुसलं, चांगले कपडे घातले, आणि तेवढ्यात नणंदेचा फोन.

"अगं, नळवाला येतोय माझ्याकडे. जरा दार उघडून दे."

"ताई, आज नाही जमणार. माझ्याकडे गिऱ्हाईक येणार आहे."

"पाच मिनिटांचं काम गं! स्वयंपाकघरात तळं साचलंय. घरीच तर असतेस!"

सासूबाई शेजारीच उभ्या होत्या. "जा गं, तेवढ्यात ये," त्या म्हणाल्या. "आणि आल्यावर जरा आडवी हो. रजा कशासाठी असते?"

हा टोमणा तिने पूर्वीही ऐकला होता. ती दात-ओठ खात गेली. नळवाला अर्थातच वेळेवर आला नाही. नळवाले कधी येतात? ती धावतपळत परतली तेव्हा सासूबाई मोठ्या उत्साहाने कप विसळत होत्या.

"तुझ्याकडे एक बाई येऊन गेल्या. चहासुद्धा घेतला नाही. मी सगळं नीट सांगितलं हो त्यांना."

"काय सांगितलं?"

"की तू मोठ्या कंपनीत आहेस, सध्या रजेवर आहेस, आणि हे आपलं वेळ जायला करतेस. बाई एकदम उठल्याच."

धाकटी खाली बसली. मग तिने काकूंना फोन लावला. काकूंनी तिला बोलूच दिलं नाही. "मला म्हणालीस नोकरी सोडली. घरची माणसं म्हणतात रजेवर आहेस. उद्या रजा संपली की माझी दुकानं कुणाच्या भरवशावर? आणि तुझी कंपनी म्हणाली की हे आमचंच आहे, तर? दोन डगरींवर पाय ठेवणाऱ्यांशी मी व्यवहार करत नाही बाई. आणि खोटं बोलणाऱ्यांशी तर नाहीच." फोन बंद.

"आई," धाकटी म्हणाली, "मी रजेवर आहे असं तुम्हाला कुणी सांगितलं?"

"म्हणजे? तुझ्या नवऱ्याने! लांब रजा घेतलीय, थकलीय, ही घरातली चाळवाचाळव मन रमायला. मला तो तेव्हाच म्हणाला, तिच्याशी त्यावर बोलू नकोस, तिला वाईट वाटतं."

म्हणजे टोमणे नव्हतेच ते! म्हातारी मनापासून काळजी करत होती. मिक्सर, पार्सलं, किल्ल्या, नळवाले, सगळ्याचा उलगडा झाला. रजेवरच्या माणसाला काम सांगायला कुणाला कशाला संकोच वाटेल? आणि हे सगळं करणारा रोज संध्याकाळी तिच्याच खुर्चीमागे उभा राहून विचारत होता, "काय, कसं चाललंय?"

तो आला तेव्हा दोघी त्याची वाट बघत बसल्या होत्या. त्याने बूटसुद्धा काढले नव्हते.

"मी कुणाच्या वाईटावर होतो का?" तो म्हणाला. "ऑफिसात, नातेवाइकांत काय सांगायचं? बायको नोकरी सोडून लाँड्रीवाल्यांच्या मागे हिंडते? मला वाटलं, चार-सहा महिन्यांत हौस फिटेल आणि..."

"हौस?" धाकटी उठली. "साहेबाने माझ्या कामाला किरकोळ म्हटलं, तर मी त्याच्या तोंडावर राजीनामा टाकून आले. तू हौस म्हणतोस. त्या साहेबात आणि तुझ्यात फरक काय रे? तो निदान माझ्यासमोर म्हणाला!"

"हळू बोल."

"का हळू? आता कुणाची मीटिंग चालू आहे?"

सासूबाई तर तिच्याहून चढ्या आवाजात सुरू झाल्या. "अरे मेल्या, मला परक्या बाईसमोर खोटं पाडलंस! मी त्या बाईला हौसेने सांगत बसले, आणि हिच्या तोंडचा घास मीच काढला! हाच संस्कार केला का मी तुझ्यावर?"

धाकटीने काकूंचा नंबर लावला, स्पीकर चालू केला आणि फोन त्याच्या हातात कोंबला. "सांग."

"मी... तिचा नवरा बोलतोय," तो म्हणाला. "थोडा गैरसमज झालाय."

"कुणाचा?" काकू.

"म्हणजे आमच्या आईचा..." सासूबाईंनी असा कटाक्ष टाकला की त्याने वाक्य फिरवलं. "आईचा नाही. ती रजेवर नाहीये. तिने नोकरी सोडलीय. हे तिचं स्वतःचं काम आहे. कंपनीचा काही संबंध नाही."

"मग रजेचं कुणी सांगितलं?"

त्याने धाकटीकडे बघितलं. धाकटीने त्याच्याकडे बघितलंही नाही, फोनकडेच बघत राहिली.

"मी," तो म्हणाला.

"तुम्ही? नवऱ्याने?"

"हो. मीच."

पलीकडे काकूंनी कुणाला तरी इस्त्री थांबवायला सांगितलं. मग काकू म्हणाल्या, "तिला द्या. काय गं, ऐकतेस? उद्या कागदबिगद घेऊन दुकानात ये. तुझ्या घरी मी काही परत यायची नाही. आणि नवऱ्याला आणू नकोस." धाकटी "हो" म्हणाली, आणि मग स्वयंपाकघरात जाऊन नळ मोठा सोडून रडली. आनंदाने नाही हो, संतापाने. आपलं खरं आपल्या तोंडून पटू नये, त्याला नवऱ्याची साक्ष लागावी, याचा संताप.

काकूंची दुकानं मिळाली. नवऱ्याशी ती कामापुरतंच बोलत होती, आणि त्याने जवळ येऊन काही समजवायला सुरुवात केली की हेडफोन लावत होती.

आठवडा सरत आला तेव्हा सकाळीच फोन वाजला. नणंदच होती. धाकटीचे दोन्ही हात कीबोर्डवर होते, तेव्हा सासूबाईंनी मिक्सर बंद करून फोन घेतला.

"नळवाला पुन्हा येतोय? नाही, ती नाही यायची. कामावर आहे ती." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. "कुठे म्हणजे? इथे, घरीच!" त्यांनी मागे वळून सोफ्यावरच्या मुलाकडे बघितलं, ज्याला घरची खोळंबलेली कामं करायला त्यांनी सकाळीच ऑफिसला फोन करायला लावला होता. "तुझ्या भावाला पाठवते किल्ली घेऊन. तो आज रजेवर आहे."