सोळा माशांची पंगत

मासेवाल्या इसूफनं सहाच मासे सांगितले होते. एकदा नव्हे, तीनदा सांगितले होते आणि वर बोटं मोजून दाखवली होती. पुढं जे झालं त्यात इसूफचा काडीचाही दोष नाही.

"अप्पा, दोन फुटी टाकी हाय तुमची, तळं न्हाय," तो म्हणाला होता. "पाणी अजून कच्चं हाय. माशांची घाण पचवायची ताकद पाण्यात यायला महिना लागतो. तवर सहा. चार गप्पी, दोन काळ्या मॉली. ती जगली की मग बगू. लई झालं तर बारा."

वीरभद्रप्पांनी मान डोलावली. पण वीरभद्रप्पांच्या मान डोलावण्याचा आणि ऐकण्याचा कधीच काही संबंध नव्हता.

सोलापूरच्या शुक्रवार पेठेत त्यांची खानावळ होती. तीस वर्षं चालली. बसव्वा चुलीपाशी आणि वीरभद्रप्पा दारात. भाकरी, आमटी, शेंगाची चटणी सगळं बसव्वाचं. वीरभद्रप्पांचं काम एकच, माणसं मोजायची आणि आत हाळी द्यायची. दोन्ही भिंतींना आठ-आठ पाट असायचे, म्हणून पंगत भरली की आवाज यायचा, "सोळा पानं!" मग बसव्वा पदर खोचून स्वतः वाढायला यायची. कुणी ताटावर हात आडवा धरला तरी "इन्नू स्वल्प", म्हणजे अजून थोडं, असं कानडीत म्हणत बोटांच्या फटीतून भात सोडायची. कॉलेजची पोरं तिची नक्कल करायची आणि नक्कल करता करता दोन भाकऱ्या जास्त खायची.

गेल्या दिवाळीनंतर बसव्वाला झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. पाट माळ्यावर चढले. जिच्या हातचं अर्ध्या पेठेनं खाल्लं तिला वीरभद्रप्पा चमच्यानं पेज भरवू लागले. डॉक्टर म्हणाले, "जे परत यायचं ते बहुतेक पहिल्या सहा महिन्यांत येतं. हात हलता ठेवा." व्यायाम घ्यायला प्रियंका नावाची मुलगी यायची. ती रबरी चेंडू द्यायची, कणकेचा गोळा द्यायची. बसव्वा त्याच्याकडं बघायचीसुद्धा नाही. भिंतीकडं तोंड करून पडून राहायची.

दवाखान्यात मात्र एक काचेची टाकी होती. नंबर येईपर्यंत बसव्वा तासभर त्यातले मासे बघत बसली होती. माणसाला एवढी खूण पुरते. संक्रांतीच्या सुमाराला वीरभद्रप्पांनी टाकी घरी आणली आणि खाटेच्या उशाजवळ, तिचा हात पोचेल अशी ठेवली.

मासे घेऊन इसूफ स्वतः आला. तरुणपणी शेजारच्या गल्लीत कामाला असताना दोन वर्षं तो याच पंगतीला जेवला होता. त्यानं पिशवीतले सहा मासे हळूच सोडले आणि खाण्याची डबी बसव्वासमोर धरली.

"अव्वा, तुमीच घाला. वाढायचं काम तुमचं."

बसव्वानं डावा हात पुढं केला, आणि मग मागं घेतला. डाव्या हातानं वाढायचं नसतं. खानावळीत कुणी गडबडीत डाव्या हातानं चटणी वाढली तर ती सगळ्यांदेखत त्याला झापायची. ती डबीकडं बघत राहिली. आणि मग पांघरुणावर पडलेला तिचा उजवा हात हलला. अंगठा आणि शेजारचं बोट एकमेकांकडं सरकली. चिमूट धरायला तिला किती वेळ लागला कुणास ठाऊक. त्यातली निम्मी गादीवर सांडली, पण चार दाणे पाण्यात पडले आणि सहाही मासे वर आले.

वीरभद्रप्पा मोरीत जाऊन नळाला पाणी नसताना तोंड धूत राहिले.

त्यानंतर सकाळी एक चिमूट आणि संध्याकाळी एक चिमूट. आठवड्याभरात तिसरं बोटही आलं. प्रियंका खूश होऊन म्हणाली, "आजी, असंच चालू ठेवा. उन्हाळ्यापर्यंत भाकरी मोडाल बघा." बसव्वा आता भिंतीकडं तोंड करत नव्हती.

इथं शहाण्या माणसानं थांबायचं. पण वीरभद्रप्पा दारात उभे राहून तीस वर्षं माणसं मोजत आलेले, त्यांना सहाची पंगत बघवेना. दहा पाट रिकामे असल्यासारखं वाटायचं. शिवाय त्या बारक्या गप्पी बसव्वाला चष्म्याशिवाय दिसत तरी होत्या का? सहा माशांनी तीन बोटं आणली, मग सोळा मासे अख्खा हात आणतील, असा त्यांनी साधा हिशेब केला. इसूफ नाही म्हणणार हे माहीत होतं, म्हणून ते दुसऱ्याच दुकानात गेले. तिथून दहा आणले, त्यातले चार चांगले बोटभर लांबीचे गोल्डफिश.

मासे सोडून ते दारात जाऊन उभे राहिले आणि जुन्या आवाजात ओरडले, "सोळा पानं!"

बसव्वा हसली. अर्ध्याच तोंडानं, पण दिवाळीनंतर पहिल्यांदा हसली. त्या हसण्यापुढं इसूफच्या सहाची काय किंमत राहणार?

चार दिवसांत पाणी दुधासारखं झालं आणि वास मारू लागलं. पाचव्या दिवशी नळाला पाणी आलं. सोलापुरात पाण्याचा दिवस म्हणजे काय ते सांगायला नको. घरातलं शिळं पाणी ओतून द्यायचं, हंडे-पिंप घासायचे आणि ताजं भरून घ्यायचं. बसव्वाच्या घरात हा नेम कधी चुकला नव्हता. वीरभद्रप्पांनी हंडे घासले, पिंप घासलं आणि त्याच हातानं टाकीही रिकामी केली. मासे बादलीत काढले, काच चकचकीत पुसली, वाळू चोळून धुतली आणि नळाची नळी सरळ टाकीत सोडली. पाण्याला ब्लीचिंग पावडरचा वास येत होता. चौथा हिस्साच पाणी बदलायचं आणि तेही एक दिवस ठेवलेलं, हे इसूफचं बोलणं त्यांना आठवत नव्हतं असं नाही. पण शिळं पाणी ठेवायचं तरी कसं?

दुसऱ्या दिवशी उजाडताना मासे तरंगत होते.

बसव्वा झोपेत होती. वीरभद्रप्पांनी इसूफला फोन लावला आणि फोन ठेवल्यावर त्यांच्या ध्यानात आलं. त्यानं सोळा बघितले तर? ते घाईघाईनं दुसऱ्या दुकानातले दहाही मेलेले मासे वेचू लागले. वर्तमानपत्रात गुंडाळून त्यांनी ते जिन्याखाली ठेवले. टाकीत चार गप्पी उताण्या राहिल्या आणि दोन काळ्या मॉली पाण्याच्या वरच्या थराला तोंड लावून धापा टाकत होत्या.

इसूफ आला तेव्हा बसव्वा जागी झाली होती. तिची नजर टाकीवर होती.

इसूफ वाकून बघत राहिला. "असं कसं झालं, अप्पा? सहा माशांत एवढं व्हत न्हाई. खाणं जास्त पडलं का? कोण घालतं?"

आता खरं बोलायला किती वेळ लागला असता? चार शब्द पुरले असते. वीरभद्रप्पांनी बसव्वाकडं पाहिलं, मग इसूफकडं पाहिलं, आणि म्हणाले, "हीच घालती की."

ते खोटं नव्हतं, म्हणूनच ते इतकं वाईट होतं.

इसूफ बिचारा खाटेपाशी बसला आणि समजुतीनं म्हणाला, "अव्वा, तुमचा हात मोठा. पण मासं माणसावानी बस म्हणत न्हाईत, मिळंल तेवढं खात्यात. जरा कमी घालायचं."

तीस वर्षांत जिच्या घरी जेवून कुणाचं साधं पोट दुखलं नव्हतं, ती बसव्वा आपल्या उजव्या हाताकडं बघत राहिली. मग तिनं डाव्या हातानं तो उचलला आणि पांघरुणाच्या आत नेऊन ठेवला.

तो हात पुन्हा बाहेर आला नाही. वीरभद्रप्पांनी डबी पुढं धरली की ती डोळे मिटायची. प्रियंकानं चेंडू दिला, कणीक दिली, लाडीगोडी लावली. बोटं हळूहळू तळव्याकडं वळू लागली. वीरभद्रप्पा रोज ठरवायचे, आज सांगायचं. सकाळ झाली की संध्याकाळी सांगू म्हणायचे आणि संध्याकाळी ती दमलेली दिसायची. वाचा बसव्वाची गेली होती, पण त्या घरात मुका झाला होता तो नवरा.

जूनमध्ये प्रियंकानं बोटं सरळ करून बघितली. ती सोडली की पुन्हा मिटत होती. दाराबाहेर येऊन ती हळू आवाजात म्हणाली, "आजोबा, आता एवढंच. आखडू नये म्हणून तेवढं तेल लावत राहा."

वीरभद्रप्पा आत आले आणि खाटेशेजारी जमिनीवरच बसले.

"तुझा हात न्हवता गं," ते म्हणाले. "त्यानं सहा सांगितले व्हते, मी सोळा आणले. त्याला न सांगता आणले. पाणी बी मीच समदं वतून दिलं. त्यो इचारत व्हता तवा मी तुझं नाव पुढं केलं. लाज वाटली म्हून. तुझ्या हातानं कोण बी मेलं न्हाई. मी मारले."

चार महिन्यांचं रडू एकदम आलं.

बसव्वा त्यांच्याकडं बघत होती. तिच्या डोळ्यांतून पाणी कानावर ओघळत होतं. रागाचं की सुटकेचं, हे विचारायची त्यांची हिंमत नव्हती. बऱ्याच वेळानं तिनं पांघरुणातून उजवा हात काढला. डाव्या हातानं उचलून तो टाकीच्या काठावर ठेवला आणि डबीकडं मान हलवली.

वीरभद्रप्पांनी घाईघाईनं डबी उघडून धरली. ते मनातल्या मनात सिद्धेश्वराला हाक मारत होते. तिच्या कपाळावर शीर उभी राहिली, खांदा थरथरला, ओठ दाबले गेले. मूठ उघडली नाही. तिनं पुन्हा एकदा केलं, आणि पुन्हा एकदा. खाली दोन काळ्या मॉली वर येऊन वाट बघत होत्या.

मग बसव्वानं उजवा हात काठावरून उतरवून मांडीवर ठेवला, त्याच्यावर पदर ओढला आणि डाव्या हातानं चिमूट घेतली.

"नको गं," वीरभद्रप्पा म्हणाले.

तिनं डाव्या हातानं वाढलं. मॉलींनी सगळे दाणे खाल्ले आणि त्या अजून मागत राहिल्या, पण बसव्वानं डबीचं झाकण लावून टाकलं.