टँकरवरची हडळ

आपल्या माघारी लोकांनी आपल्याला हडळीवरून ओळखावं, ही कल्पनाच राधाकिशनला सहन होत नव्हती. पण चूक त्याचीच. तरुणपणी आम्ही बीडला जाऊन 'आडात बसली हडळ' हे गाणं कॅसेटवर भरलं. बघायला कुणी नसताना तोंडाला राख फासून तो ओरडला, मी तेलाचा डबा बडवला आणि त्याची बायको छबुबाई किंचाळली. चाल म्हणाल तर अजिबात नव्हती. लोकांना तेच आवडलं.

पुढे त्यानं माळ घातली, भजनं रचली. पण कडा गावच्या बाजारात लोक हडळच मागायचे. त्यात दुष्काळ पडला. साखर कारखान्याचा टँकर पाणी आणायचा आणि ड्रायव्हर भारत भोंग्यावर तीच कॅसेट लावायचा. छबुबाईची किंकाळी ऐकली की गाव घागरी घेऊन पळत सुटायचं.

एक दिवस राधाकिशननं भारतला गाठलं. "ती बंद कर बे. माझं भजन लाव." आणि हडळीची उरलेली एकुलती कॅसेट घरी नेऊन सरळ चुलीत घातली. माणूसच तसला, टोकाचा.

दुसऱ्या दिवशी टँकर भजन वाजवत आला. आमच्याकडे गाडीवर भजन वाजतं ते मयत आणताना. लोक हात जोडून उभे राहिले. खोटं कशाला सांगू, मीही जोडले. लेकीकडे राहायला आलेल्या साखराबाईनं डोळ्याला पदर लावला. भारतनं हात केला, तर सगळ्यांनी माना खाली घातल्या. त्याला पुढची गावं होती, तो गेला. राधाकिशन देवळाच्या पायरीवर डोळे मिटून उभा. त्याला वाटलं, गाव भजनात रंगलं.

छबुबाईनं रिकामी घागर त्याच्यापुढं आपटली. "आता तुमचं भजन प्यावं का आमी?"

पुढच्या खेपेला आम्ही तिघं टँकरच्या केबिनमध्ये. राधाकिशननं माळ सदऱ्यात लपवली आणि माइकवर जीव तोडून ओरडला. छबुबाई किंचाळली. घागरी खणखणत गाव धावलं. डबा बडवता बडवता मला रडूच आलं.

साखराबाई घागर भरता भरता म्हणाली, "बरं म्हनतोस बाबा. पन त्या कॅसेटवाल्याची सर न्हाई."

राधाकिशन ताडकन उठला. माळ सदऱ्याबाहेर आली होती, भोंगा चालूच होता.

"अगं बाई, तो कॅसेटवाला मीच हाय," तो साऱ्या गावाला ऐकू जाईल असं ओरडला.