राखाडी पाइप

व्हर्लीन स्ट्राउड घर सोडून गेली असती, तर रँडल पिटला महिन्याला सहाशे पासष्ट डॉलरचा फायदा होता. जागेचं भाडं ती देत होती तीनशे पंच्याऐंशी. तेच घर त्याच्या ताब्यात आलं की जागेसकट महिना एक हजार पन्नास भाड्याने सहज गेलं असतं. घर व्हर्लीनचं, जमीन रँडलची; भाड्याच्या जागांवर अशी बासष्ट घरं उभी असलेला अख्खा पार्कच त्याचा. कारखान्यात बनवून ट्रकवरून आणलेलं घर, पण पंचवीस वर्षांनी ते पुन्हा ट्रकवर चढवायला गेलं तर मधोमध मोडायचं, आणि इतकं जुनं घर दुसऱ्या कुठल्या पार्कात घेतही नाहीत. म्हणजे निघायचं तर अंगावरच्या कपड्यांनिशी.

रँडलने तिच्या दाराला नोटीस चिकटवली. घराखाली पाणी गळतं, दहा दिवसांत बंद करा, नाहीतर जागा खाली करा.

पाणी गळत होतं, हे खरंच. त्या काळच्या घरांत राखाडी प्लास्टिकचे पाइप घालायचे. पाण्यातलं क्लोरीन त्यांना आतून खात जातं आणि एक दिवस सांधा तडकतो. वर्षभरात तीनदा तडकला होता. प्रत्येक वेळी रँडल खिडकीशी थांबून म्हणायचा, "तुमचे पाइप, मिस व्हर्लीन. मी काय करणार?" मीटरवरचं फुकट वाहिलेलं पाणीही तिच्याच बिलात.

शेजारचा ड्युई हॅचर गालिच्यांच्या गिरणीतून निवृत्त झालेला. तो म्हणाला, "सगळेच बदलून टाकू. पाइप तुम्ही आणा, गुडघे मी आणतो."

लाल-निळे नवे पाइप आणि तांब्याच्या कड्या, चारशे बारा डॉलर. नव्या दातांसाठी जमवलेले. तीस वर्षं शाळेची बस चालवलेली बाई दात पुढे ढकलू शकते. घर नाही.

ड्युई कडेचा पत्रा काढून पोटावर सरपटत घराखालच्या पोकळीत गेला. घराच्या तळाला ताणलेलं काळं कापड पाण्याने भरून गाईच्या कासेसारखं लोंबत होतं. त्याने चाकू लावला आणि सगळं त्याच्याच अंगावर आलं.

"मिस व्हर्लीन, ऐकू येतंय का?"

"माझ्या खुर्चीखाली बोंबलतोयस, ड्युई. पलीकडच्या गावात ऐकू येतंय."

"मग पलीकडच्या गावातून टॉवेल मागवा!"

चार दिवस लागले. रोज दुपारी घेवडा, मक्याची भाकरी आणि केळ्याचं पुडिंग. ड्युईने त्याखेरीज एक पैसा घेतला नाही. पाचव्या दिवशी घरात राखाडी पाइपाचा तुकडा उरला नव्हता. व्हर्लीनने घराचा मुख्य नळ बंद केला आणि दोघं मीटर बघायला गेले.

काटा फिरतच होता.

"नीट बंद केलात ना?" ड्युईने विचारलं.

"बस थांबवता येते मला. नळ नाही येणार?"

ड्युई मीटरपासून घरापर्यंत चालत गेला. मधेच त्याचा बूट गवतात रुतला. दोघांनी फावड्याने हातभर खणलं. तिथे राखाडी पाइप होता, जमिनीतला, पार्कचा. घर आपलं म्हणून जो तो आपल्याच घराखाली शिरायचा. अंगणात खणून बघावं असं बासष्ट घरांत कुणाला सुचलं नव्हतं, कारण अंगण आपलं नव्हतंच.

व्हर्लीन करारपत्र घेऊन ऑफिसात गेली आणि सहाव्या पानावर बोट ठेवलं. घराच्या जोडणीपर्यंतचा पाइप जागामालकाचा.

"गैरसमज होतात, मिस व्हर्लीन," रँडल हसला.

"वर्षभर होतात? आणि दर वेळी तुमच्याच फायद्याचे?"

"माझ्यावर का ओरडता?"

"ओरडले नाही अजून. साठ पोरांच्या बसमध्ये ओरडायचे मी, ते तुम्ही अजून ऐकलं नाहीत."

रँडलने नोटीस फाडली. ड्युईने सांगितल्यावर आणखी बारा अंगणांत फावडी पडली, आणि त्यांतल्या सात जागी तसाच गळका पाइप निघाला. रँडलने माणसं बोलावून जमिनीतले पाइप बदलले. बिल झालं तीन हजार शंभर.

पुढच्या महिन्याच्या भाडेपावतीवर नवी ओळ छापून आली: 'सुधारणा आकार, पंधरा डॉलर, चोवीस महिने.' बासष्ट घरांना. पार्कच्या खर्चातलं काय रहिवाशांवर लावायचं ते मालकाने ठरवायचं, असंही त्याच करारात होतं, नवव्या पानावर. व्हर्लीनने ते पान आधी वाचलं नव्हतं.

रँडलने तीन हजार शंभर भरले आणि बावीस हजार तीनशे वीस गोळा केले. व्हर्लीनला घर राहिलं. पाइपाचे चारशे बारा तिचे, दोन वर्षांचे तीनशे साठ तिचे, वाहून गेलेल्या पाण्याचं बिल तिचं. ड्युईनेही पंधरा भरले, आणि ज्यांच्या अंगणात कधी थेंब गळला नव्हता त्यांनीही.