मैनेचा दाणा

राय म्हणजे मोहरी नव्हे, हे आधीच सांगते. गव्हाच्या नात्यातलं हे विलायती धान्य. दाणा लांबट, करडा. गोरे लोक त्याचा काळा पाव भाजतात, दारू गाळतात. ग्वाल्हेरात मात्र संस्थानच्या शेतावर ते घोडदळाच्या घोड्यांपुरतं पिकायचं. त्याचं लांब काड खोगिरात भरायचे.

माझे सासरे मानसिंगराव त्या घोडदळात दफेदार होते. आम्ही त्यांना आबासाहेब म्हणायचो. संस्थान मध्यभारतात विलीन झालं, घोडदळ मोडलं आणि कोठीत उरलेली राय शिपायांना वाटून टाकली. मैना नावाची एक गाभण घोडी मात्र पुढची सोय होईपर्यंत आबासाहेबांच्या हवाली होती. एक पोतं तिचं, एक आमचं.

त्या साली थंडीत पाऊस झाला होता आणि रायेत काळे, नखासारखे वाकडे दाणे धरले होते. आबासाहेब रोज सकाळी अंगणात ताट घेऊन बसत आणि डोळ्यांत तेल घालून मैनेच्या दाण्यातून ते वेचून काढत. स्वतःच्या मुलांच्या पायातला काटाही या माणसाने कधी काढला नव्हता.

माझी धाकटी जाऊ दुर्गा तेव्हा सातव्या महिन्यात होती. घरात गहू नव्हता. मी आमचं पोतं निवडायला घेतलं, तर आबासाहेब कडाडले, "सूनबाई, अनाज असं फेकायचं नाही. राज्य गेलं, कोठी गेली. सगळं दळा."

मी दळलं. भाकरी काळपट, चिकट व्हायची. दुर्गा बिचारी भुकेली, मागून मागून खायची. काही दिवसांनी म्हणू लागली, "ताई, बोटांत मुंग्या येतात." मी तेल चोळून दिलं.

मग एका दुपारी अवेळी कळा सुरू झाल्या, त्या थांबेचनात. इंदरगंजातून डॉक्टरीणबाई येईपर्यंत मूल गेलं होतं. मुलगा होता. बाईंनी काय खाल्लं ते विचारलं आणि पोत्यात हात घातला.

"ये काला दाना पेट गिरा देता है," त्या म्हणाल्या. "घर में किसी को मालूम नहीं था?"

आबासाहेब दारातच उभे होते. त्यांना माहीत होतं. गाभण घोडीला काळा दाणा द्यायचा नाही, हे तबेल्यात पहिल्याच दिवशी शिकवतात.

पुढे मैनेला धडधाकट शिंगरू झालं. दोघांना पडावच्या स्टेशनावर रेल्वेत चढवून आबासाहेब घरी आले, तेव्हा मी त्यांना गाठलं.

"घोडीसाठी वेचलंत. दुर्गेसाठी का नाही?"

ते पागोटं सोडायला बसले. मग म्हणाले, "घोडी सरकारची होती, सूनबाई. तिला काही झालं असतं तर जाब द्यावा लागला असता."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "मग आता मी विचारते जाब. द्या."

आतल्या खोलीत दुर्गा जागी होती. आबासाहेब उठले आणि हात धुवायला मोरीवर गेले.