महामहिम गाडीतच बसले

विद्यार्थी त्यांना पाठीमागे महामहिम म्हणत, आणि ते कानावर आलं की त्यांना मनातून गुदगुल्या होत. जन्म वकिलातींत काढलेला हा माणूस निवृत्तीनंतर विद्यापीठात परराष्ट्र धोरण शिकवायला लागला होता. 'कोंडी कशी फोडावी' हा त्यांचा हातखंडा विषय. वर्गात बसायला जागा मिळत नसे. आणि घरात? घरात पोटच्या पोरीशी पाच वर्षं अबोला. नात चांगली बोलायला लागली, तरी आजोबांनी तिचं तोंड पाहिलेलं नव्हतं.

कारण ऐकाल तर कपाळावर हात माराल. मुलीच्या लग्नपत्रिकेत त्यांच्या नावाआधी 'माजी राजदूत' छापलं होतं. माजी! निवृत्त होऊन जेमतेम आठवडा झालेला, जखम ओली. महामहिमांनी मुलीकडे लेखी खुलासा मागितला, तिने तो दिला नाही, आणि हे पठ्ठे लग्नाला गेलेच नाहीत.

बायको मात्र गुपचूप लेकीकडे जाऊन येई. नातीसाठी जीव तुटायला लागला तेव्हा महामहिमांनी तिलाच मध्यस्थ नेमलं. दोन महिने घासाघीस चालली. शेवटी हॉटेलात जेवायचं ठरलं, म्हणजे ना यांच्या घरी ना तिच्या. खुलाशाचा विषय कोणी काढायचा नाही, हेही कबूल झालं.

"अहो, पोरगी आहे ती तुमची, शेजारचा देश नाही," बायको म्हणे.

रविवारी दुपारी दोघं हॉटेलसमोर पोचली. काचेतून लेक, जावई आणि नात दिसत होती. महामहिम स्टिअरिंग धरून बसून राहिले.

"उतरा की आता."

"स्वागताला दारापर्यंत कोणीतरी यायला हवं. रीत आहे तशी. आपण होऊन गेलो तर चूक माझी होती असं होईल."

"होतीच तुमची."

"ते मला माहीत आहे," महामहिम हळूच म्हणाले, "पण तसं दिसता कामा नये."

बायकोने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, पर्स उचलली आणि सरळ आत गेली. मध्यस्थच पलीकडच्या गोटात सामील झाला तर काय करायचं, हे त्यांच्या अभ्यासक्रमात नव्हतं.

आत हसणं-खिदळणं सुरू झालं. नात आजीच्या मांडीवर चढली. महामहिमांचा हात दाराच्या हँडलपर्यंत गेला आणि तिथेच अडला.

बऱ्याच वेळाने वेटरने हॉटेलचं दार उघडून धरलं आणि नात एकटीच गाडीपाशी आली. हातात जेवणाचं पार्सल.

"आजी म्हणाली, ड्रायव्हरकाकांना दे."

महामहिमांनी काच खाली केली आणि दोन्ही हातांनी पार्सल घेतलं. नाक हुबेहूब लेकीचं होतं. तिला उचलून घ्यावं, असं त्यांना फार वाटलं.

"तुम्ही आत का येत नाही?"

"मला कोणी बोलावलं नाही."

"मी बोलावते. चला."

एवढंच तर हवं होतं. पाच वर्षं हा माणूस एवढ्याचसाठी झुरला होता. पण जन्माची सवय ती, तोंडातून निघून गेलंच, "बोलावण्याचे अधिकार आहेत का तुला?"

पोर जरा विचारात पडली. "आईला विचारून येते," म्हणाली आणि आत पळाली.

महामहिमांनी घाईघाईने केस सारखे केले, कोटाचं बटण लावलं. आत टेबलावर आइस्क्रीम आलं होतं. पोर खुर्चीवर चढली, चमचा हातात घेतला आणि विसरून गेली.