पलंगावरचा टॉवेल

वर्षभर मी पर्यटकांची बस चालवतो आणि सुट्टी मिळाली की बायकोला घेऊन पुन्हा फिरायलाच निघतो. यंदा ती हट्टालाच पेटली. "मी कुठ्ठे येणार नाही. तुम्हीही घरीच राहा."

राहिलो. पहिल्याच सकाळी बघतो तर पलंगावर घडी घातलेला टॉवेल आणि कोरा साबण. माझं डोकंच फिरलं. "मी काय पाहुणा आहे?"

मी तणतणत बाथरूमकडे गेलो आणि दिव्याचं बटण शोधत भिंत चाचपत बसलो.

"दाराच्या बाहेर आहे," ती म्हणाली. लग्नापासून आम्ही याच घरात राहतोय.

मग मी मुकाट्याने माझंच घर शिकलो. साखरेचा डबा कुठला, दुपारचं ऊन ओट्यावर कुठवर येतं, भांडी घासताना ती कसली गाणी गुणगुणते, सगळं.

आज पलंगावर टॉवेल नव्हता.

"कपाटात आहे, घ्या की उठून! हात मोडलेत का?" ती आतून खेकसली.

इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! हसतच कपाट उघडलं. टॉवेलाशेजारी तिने माझी बॅग भरून ठेवली होती. उद्या पहाटे बस काढायची आहे.